कापडाला काम हवं

‘पटोला’ म्हणून, म्हणजे गुजरातचं रेशमी इकत म्हणून, समोर आलेली साडी एकदा उलटी करून बघा. मागची बाजू फिकी, पांढुरकी दिसली तर ती छापलेली आहे. इकत म्हणजे धागे आधी बांधून, रंगवून मग विणलेलं कापड. त्याला सुलट-उलट हा भेदच नसतो, कारण रंग कापडावर चढवलेला नसतो, तो धाग्यात आधीच मुरलेला असतो. दुसरी खूण नक्षीच्या कडांची. मागावर ताणलेला धागा केसभर इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे हत्तीच्या पाठीची रेघ किंवा पानाचं टोक जरासं विरघळल्यासारखं दिसतं, पाण्यात पडलेल्या सावलीसारखं. हल्लीची डिजिटल छपाई ही विरघळलेली कडसुद्धा छापते. हाताने बांधलेल्या गाठीमुळे रेघेत जी थरथर आली, तिला कारण होतं. आता तीच थरथर काही कारण नसताना वारंच्या वार कापडावर उमटते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दुकानातल्या गादीवर बसून ते कापड बराच वेळ नुसतं चाचपत राहिले होते.

निमित्त घरच्या लग्नाच्या खरेदीचं होतं. त्यावरून घरात जो वाद पेटला, तोच गेली काही वर्षं सगळीकडे ऐकू येतो. एक बाजू म्हणते, छापील पटोला ही चोरी आहे, त्यावर बंदी आणा, विणकराच्या पोटावर पाय येतो. दुसरी म्हणते, लाख-दीड लाखाची साडी घेणार कोण? तीच नक्षी हजारभर रुपयांत मिळत असेल तर सामान्य बाईने ती का नेसू नये? परंपरा काय फक्त श्रीमंतांच्या मालकीची? तळमळ दोन्हीकडे खरी आहे. पण दोन्ही बाजू एक गोष्ट न बोलता मान्य करून बसल्या आहेत, की इकत म्हणजे एक नक्षी. एकीला ती कुलुपात ठेवायची आहे, दुसरीला वाटून टाकायची आहे. मला हे मूळच पटत नाही. नुसत्या सुंदर नक्षीच्या जोरावर इकत शेकडो वर्षं टिकलं नसतं. त्या कापडाला माणसांच्या आयुष्यात काम होतं. लग्न, देव, आजार, मरण, कुठेतरी त्याच्यावाचून अडत होतं. हे अडणं संपलं की कापड एकतर संग्रहालयाच्या काचेमागे जातं नाहीतर छापखान्यात. छापलेल्या कापडावर ‘छापील’ असं स्पष्ट लिहिलेलं असलंच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण तेवढ्याने काही वाचणार नाही. आपला कुठला प्रसंग हातविणीच्या कापडावाचून अडेल, या प्रश्नाचं उत्तर शोधल्याशिवाय हा वाद पुढे सरकणार नाही.

हे कापड होतं कसं, ते आधी नीट पाहू. ‘इकत’ हा मलय भाषेतला शब्द, अर्थ बांधणं. बांधणीत विणून झालेलं कापड बांधतात. इथे कापड अजून जन्मायचं असतं; धाग्यांच्या लडी मोजून, ठरल्या जागी दोऱ्याने घट्ट आवळतात आणि रंगात बुडवतात. आवळलेली जागा कोरी राहते. मग काही गाठी सोडायच्या, काही नव्या बांधायच्या, पुन्हा दुसरा रंग. नुसता ताणा, म्हणजे उभे धागे, असा रंगवला किंवा नुसता बाणा, म्हणजे आडवे धागे, रंगवला तर ते एकेरी इकत. ताणा आणि बाणा दोन्ही रंगवून असे विणायचे की उभ्या लाल ठिपक्यावर आडवा लाल ठिपकाच यावा, ते दुहेरी. गुजरातेतल्या पाटणचा पटोला हा दुहेरीतला. तिरक्या मागावर दोघं जण बसतात, थोडं विणून झालं की थांबतात, आणि सुईच्या टोकाने धागा धागा सरकवून नक्षी जागेवर आणतात. एका साडीला चार ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. बांधताना चुकलेली गाठ विणताना दुरुस्त होत नाही, कारण चूक काही आठवड्यांपूर्वीच धाग्यात शिरलेली असते. गुजरातीत म्हण आहे, ‘पडी पटोळे भात, फाटे पण फीटे नहि’. पटोल्यावर पडलेली भात, म्हणजे नक्षी. कापड फाटेल, ती पुसली जाणार नाही. गंमत अशी की पटोला घरोघरी कधीच नव्हता. तरी तो भाषेत इतका खोल उतरला, कारण तो दिसायचा तो आयुष्यातल्या मोजक्या, न विसरता येणाऱ्या दिवशी.

पाटणच्या साळवींची, म्हणजे पटोला विणणाऱ्या घराण्यांची, कथा तर मराठी माणसाला जवळची वाटावी अशी. बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाळ देवदर्शनाला जाताना रोज नवा पटोला नेसत असे. हे पटोले येत आपल्या जालन्याहून. पुढे त्याला कळलं की जालन्याचा राजा ते आधी अंथरूण म्हणून वापरतो आणि मग बाहेर पाठवतो. तेव्हा त्याने सातशे साळवी कुटुंबंच जालन्याहून नेऊन पाटणला वसवली. कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती, हा भाग वेगळा. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका अख्ख्या कारागिरीने राज्य का बदललं, याचं कारण म्हणून लोकांनी शतकानुशतकं काय लक्षात ठेवलं? पूजेच्या वस्त्राचं सोवळं. नक्षी चांगली की वाईट, भाव स्वस्त की महाग, हा विषयच कथेत येत नाही. पुढे गुजरातेत जैन, नागर, व्होरा अशा वेगवेगळ्या समाजांच्या लग्नांत पटोल्याला मानाची जागा मिळाली. व्होरा मुसलमानांसाठी तर ‘व्होरागजी भात’ या नावाची नक्षीच वेगळी. हत्ती आणि बाहुल्यांची नारीकुंजर भात एका घरी, नुसत्या भौमितिक वेलबुट्टीची दुसऱ्या घरी. माग तोच, विणकर तोच. गिऱ्हाईक कोण आणि प्रसंग कोणता, त्यावर नक्षी ठरायची.

ओडिशात हेच अधिक ठळक दिसतं. तिथे इकतला ‘बांध’ म्हणतात. कटक जिल्ह्यातल्या नुआपाटण्याचे विणकर रेशमी खंडुआ विणतात, त्यावर जयदेवाच्या गीतगोविंदातल्या ओळी धाग्यात बांधून उतरवतात. म्हणजे अक्षर आधी लडीवर बांधायचं, रंगवायचं आणि मागावर ते वाचता येईल असं जुळवायचं. हे वस्त्र पुरीच्या जगन्नाथाला रात्री शेजेआधीच्या बडसिंगार वेशात नेसवतात. कागदावर अक्षर काढणं आणि धाग्यात अक्षर बांधणं यांतला फरक ज्याने धागे बांधण्याचं काम जवळून पाहिलं आहे त्यालाच कळेल. मुद्दा असा की हे वस्त्र कुठल्या प्रदर्शनासाठी विणलं जात नाही. त्याची गरज ठरलेली आहे. देवाच्या शेजघराला हंगाम नसतो, ‘यंदा काय चालतंय’ असं तिथे कोणी विचारत नाही. जोवर तो वेश आहे तोवर ती अक्षरं बांधणारा हात लागणार.

समुद्रापलीकडे गेलं तर कापडाचं काम आणखी विस्मयकारक होतं. बालीतल्या तंगनान गावात गेरिंगसिंग नावाचं दुहेरी इकत विणतात. गेरिंग म्हणजे आजार, सिंग म्हणजे नाही. नावातच काम सांगितलं आहे. तेलात मुरवलेलं सूत, निळीचे आणि आल या झाडाच्या मुळीचे रंग, आणि एका कापडाला वर्षानुवर्षं. मुलाच्या जावळापासून दात कानसायच्या संस्कारापर्यंत, लग्नापर्यंत ते अंगावर असतं. बोर्निओतल्या इबान बायका ‘पुआ कुंबू’ विणतात, आणि त्याच्या सुताला रंगाआधी पुट देण्याच्या विधीला त्यांच्यात ‘बायकांची लढाई’ म्हणतात. पुरुष युद्धावर गेला तर जो मान, तोच या कामाला. आणि सुंबा बेटावर तर लग्नाचा व्यवहारच कापडात चालतो. मुलाकडून घोडे आणि धातूचे दागिने येतात, मुलीकडून इकतची वस्त्रं जातात. माणूस गेला की त्याला एकावर एक अशी कितीतरी वस्त्रं गुंडाळतात आणि ती त्याच्याबरोबर थडग्यात जातात. क्षणभर याचा विचार करा. महिनोन्‌महिने खपून विणलेलं कापड मातीत पुरायचं. आपल्या हिशेबी डोक्याला ही नासाडी वाटेल. पण विणणारीच्या बाजूने पाहिलं तर प्रत्येक मरणाबरोबर नव्या कापडाची गरज तयार होते, आणि मुलीला हे काम शिकवणं भाग पडतं. ज्याला आपण जतन म्हणतो, ते तिथे कापड पुरण्यातून झालं आहे.

आता विरोधी बाजूचे मुद्दे. त्यातला सगळ्यात अवघड मुद्दा फारसा कोणी मांडत नाही, म्हणून मीच मांडते. नक्कल नवी नाहीच. पटोले गुजरातच्या बंदरांतून शेकडो वर्षं इंडोनेशियाला जात होते, मसाल्यांच्या बदल्यात. सतराव्या-अठराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनी तिथल्या राजांना ते नजराणे म्हणून देई. आणि त्याच गुजरातेत, त्याच बाजारासाठी, पटोल्याच्या नक्षीचं ठशांनी छापलेलं सुती कापडही तयार होत असे. स्वस्तातला पटोला. इंडोनेशियातल्याच सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांनी जी भारतीय कापडं पिढ्यान्‌पिढ्या पवित्र ठेवा म्हणून जपली, त्यांत छापील सुती कापडंही आहेत. मग छापील कापड जर तिथे देवघरात बसू शकतं, तर आजच्या छापील साडीने काय पाप केलं?

मुद्दा बिनतोड वाटतो. मलाही बराच काळ त्याचं उत्तर सापडत नव्हतं. पण नीट पाहिलं तर तो माझ्याच बाजूने बोलतो. तोराजांनी ते कापड पवित्र मानलं ते छापलेलं होतं म्हणून नाही आणि विणलेलं होतं म्हणूनही नाही. समुद्रापलीकडून आलेल्या, पुन्हा मिळेल याची खात्री नसलेल्या त्या वस्तूला त्यांनी काम दिलं. विधीत ती टांगली, पुढच्या पिढीच्या हाती सोपवली, तिच्याभोवती नियम घातले. जावाच्या राजवाड्यांत पटोल्याचं ‘चिंदे’ झालं, ते दरबारी नर्तकींच्या आणि नवरीच्या अंगावर आलं. सुंबाच्या विणकर बायकांनी पटोल्याची नक्षी उचलून आपल्या ताण्यात बसवली आणि ती राजघराण्यापुरती राखून ठेवली. म्हणजे तिथे नकलेतून नवा माग चालू झाला, नवे हात कामाला लागले. शिवाय ठशाने छापलेलं ते कापडही हाताने कोरलेल्या लाकडी ठशाचं, एका छिप्याच्या कष्टाचं होतं. आजच्या डिजिटल पटोल्याला कोणतं काम मिळतं? एका समारंभाचे फोटो, मग कपाट, मग ‘फोटोत ही साडी येऊन गेली’ म्हणून पुन्हा न नेसणं. तोराजांचं उदाहरण द्यायचं तर मग ती साडी तीन पिढ्या जपायची तयारी हवी. आणि ती टिकेल का तेवढी?

दुसरा मुद्दा न्यायाचा, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. कापडाच्या विधींमागे उतरंड असते हे खरं आहे. सुंबात काही नक्षी सामान्याने नेसायच्या नाहीत असा दंडक होता. पटोला व्यापाऱ्यांच्या आणि राजांच्या घरात होता, मजुराच्या नव्हे. ‘परंपरा’ म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती अनेकांसाठी नुसती बंदी होती. महाराष्ट्रात तरी हे विसरून चालणार नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची जुनी धाटणी आणि चांदीचे जडशीळ दागिने सोडायला सांगितलं, पुढारलेल्या वर्गातल्या बायकांसारखं नेसायला सांगितलं. वस्त्र ही जात ओळखण्याची खूण होती आणि ती खूण पुसणं हे लढ्याचं काम होतं. मग छापील पटोला नेसणारी बाई तेच करत नाही का? जे नाकारलं होतं ते अंगावर घेत नाही का?

घेते. तिच्या नेसण्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि तिला ‘नकली’ म्हणून हिणवणाऱ्यांची मला चीड येते. पण या मुद्द्यात एक माणूस गळतो, तो म्हणजे विणणारा. उतरंडीच्या तळाशी नेसणारी जेवढी होती तेवढाच तोही होता. न्याय तिच्यापर्यंत पोचवताना त्याच्या हातातलं काम काढून छपाईच्या कारखान्याला दिलं, तर उतरंड मोडली की फक्त तिची टोकं बदलली? याचं उत्तर पुस्तकी नाही, ते सौराष्ट्रात घडून गेलेलं आहे. पाटणची कला साळवी घराण्यांबाहेर जात नसे. विसाव्या शतकाच्या मध्यावर राजकोटच्या राष्ट्रीय शाळेत, गांधीजींच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या संस्थेत, ती बाहेरच्या मुलांना शिकवली गेली. त्यातून राजकोटचा एकेरी पटोला उभा राहिला. आज राजकोट आणि सुरेंद्रनगर भागातल्या गावांत वणकर समाजाची कुटुंबं तो विणतात. दलित समाजाची कुटुंबं. त्यात फक्त बाणा बांधलेला असतो, वेळ कमी लागतो, पाटणच्या साडीच्या तुलनेत किंमत कितीतरी खाली येते. म्हणजे पटोला खुला झाला, नेसणारीसाठी झाला आणि विणणाऱ्यासाठीही झाला. ज्यांना मागाजवळ बसू दिलं नव्हतं ते मागावर बसले. समतेच्या नावाने छपाईची बाजू मांडणाऱ्यांच्या तोंडी हे उदाहरण कधीच का येत नाही? तेलंगणातल्या पोचमपल्लीचं सुती, ओडिशाचं संबलपुरी सुती, राजकोटचं एकेरी रेशीम, अशा कितीतरी पायऱ्या लाखाच्या साडीच्या आणि हजाराच्या पॉलिएस्टरच्या मध्ये आहेत. ‘एकतर पाटण नाहीतर प्रिंट’ ही निवडच खोटी आहे.

तिसरा मुद्दा कष्टांचा. विणकराच्या मुलालाच हे नको आहे, मग तुम्ही दुरून हळवे कशाला होता, असं विचारतात. रास्त प्रश्न. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात पस्तीस लाखांहून थोडे अधिक हातमाग कामगार मोजले गेले, त्यांत बहुसंख्य बायका, आणि दोन तृतीयांश घरांचं उत्पन्न महिना पाच हजार रुपयांच्या आत. हा आकडा वाचून कोणी ‘वारसा’ हा शब्द उच्चारायला कचरला तर ते योग्यच आहे. पण कष्ट कमी करायचे तर कला मारावी लागते, हे मला मान्य नाही. पोचमपल्ली भागात विणण्याआधी ‘आसू’ नावाचं काम असतं. अर्धवर्तुळात ठोकलेल्या खुंट्यांभोवती सूत हाताने गुंडाळायचं, एका साडीला हात सुमारे नऊ हजार वेळा पुढेमागे न्यायचा. हे काम बायकांचं. चिंतकिंदी मल्लेशम यांच्या आईचे खांदे या कामाने दुखायचे. शाळा अर्धवट सुटलेल्या या मुलाने अनेक वर्षं खटपट करून १९९९ मध्ये आसूचं यंत्र बनवलं, त्याला आईचं नाव दिलं, लक्ष्मी आसू. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या यंत्राने खांदा वाचवला. गाठ कुठे बांधायची, रंग कुठे थांबवायचा, हे ठरवणारा माणूस तिथेच राहिला. यंत्राला विरोध करणारे आणि यंत्राचं कौतुक करणारे, दोघांनीही या उदाहरणापाशी थोडं थांबावं. कुठलं काम यंत्राला द्यायचं आणि कुठलं हातात ठेवायचं, याचा निवाडा एका विणकर मुलाने केला, धोरणकर्त्यांच्या फार आधी.

उरला पैशाचा प्रश्न. विणकराची मजुरी वाढायची तर ती कुठून येणार? ‘विणकराला वाचवा’ या आवाहनाने एखादी साडी खपते. दयेपोटी माणूस एक साडी घेतो, दुसरी घेत नाही. फॅशनमुळे मागणी येते, पण ती ओसरली की माग आणखी रिकामे दिसतात. सोव्हिएत काळात उझबेकिस्तानात हे दुसऱ्या टोकाने घडलं. तिथल्या इकतला ‘अब्र’ म्हणतात, म्हणजे ढग. कारखान्यांनी खान-अतलस हे रेशमी इकत इतकं काढलं की ते सगळ्यांच्या अंगावर आलं, पण घरोघरची हातविण जवळपास विझली. पुढे तिथल्या मर्गिलान शहरात जुनी अतलस आणि अद्रस (रेशीम-सुती इकत) विणायची पद्धत पुन्हा शिकवायला सुरुवात झाली, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्या प्रयत्नांची जतनाचा चांगला नमुना म्हणून नोंद घेतली. नक्षी सर्वत्र असूनही हात नाहीसे होऊ शकतात, हा त्यातला धडा छपाईच्या समर्थकांनी लक्षात घ्यावा.

कायद्यावर तरी विसंबावं का? भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अंमलात आला २००३ मध्ये, आणि पोचमपल्लीला अगदी सुरुवातीच्या मानांकनांपैकी एक मिळालं. चांगलंच झालं. पण मानांकन मुळात नाव राखतं. ‘पोचमपल्ली’ म्हणून खोटा माल विकला तर कारवाई करता येते. तशीच नक्षी छापून ‘इकत प्रिंट’ म्हणून विकली तर मानांकनाचा हात तिथवर पोचत नाही. २००६ पासून हातमागाच्या मालाला ‘हँडलूम मार्क’ आहे, तो पाहून घ्यायची सवय आपल्यापैकी किती जणांना आहे? बंदीची मागणी करणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की बंदी आली, उद्या एकही छापील पटोला बाजारात राहिला नाही, तर तुमच्या घरात विणलेला येईल का? कुठल्या दिवशी? कोणाच्या अंगावर?

इथे स्वतःच्या घरात डोकावणं भाग आहे. कापडाला काम देणारे प्रसंग आपल्याकडेही आहेत, पण प्रसंग उरला म्हणजे काम उरतंच असं नाही. ओटीचा खणच घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण ओटीत यायचा तो चोळी शिवायला. आता ओटीत पडतो तो चकचकीत तुकडा, ज्याची चोळी होत नाही आणि पिशवीही धड होत नाही. तो या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतो. विधी शाबूत, नारळ शाबूत, कापड मात्र नावाला. सत्काराच्या शालीचं तेच. गावातल्या ग्रंथालयापासून मंत्रालयापर्यंत शाल-श्रीफळ रोज दिलं जातं. एवढा मोठा, कधीही न आटणारा समारंभ दुसऱ्या कुठल्या समाजात असेल? आणि त्यात आपण देतो काय, तर घरी गेल्यावर कोणी पांघरत नाही अशी शाल. संस्था-संघटनांनी पाचऐवजी एकच सत्कार करावा पण शाल हातमागाची द्यावी, सुती पोचमपल्ली किंवा संबलपुरी, तर वर्षभराची मागणी ठरून जाईल. सोलापूरच्या पद्मशाली विणकर घरांचे नातेवाईक आजही तेलंगणात मागावर आहेत. १९५१ मध्ये विनोबांना पोचमपल्लीतच भूदानाचं पहिलं दान मिळालं. हे गाव मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही.

कोणी म्हणेल, दुसऱ्या प्रांताचं कापड आपल्या विधीत घुसवणं ही पुन्हा कृत्रिम परंपरा. पण पटोला जावाला गेला तेव्हा तो तिथला कुठे होता? जालन्याहून पाटणला गेला तेव्हा पाटणचा कुठे होता? कापडाने नेहमीच प्रवास केला आहे आणि जिथे गेलं तिथे नवं काम पत्करलं आहे. तेलिया रुमाल हे तर आंध्रातल्या चिराला आणि तेलंगणातल्या पुट्टपाकाकडचं इकत; सुताला तेल आणि एरंडाच्या टरफलांची राख चोळून मग बांधायचं. कोळी आणि गुराखी ते डोक्याला, कमरेला गुंडाळत, आणि तेच अरबस्तानात जाऊन डोईचं वस्त्र झालं.

आमच्या घरचा वाद शेवटी साड्यांवर मिटलाच नाही. भाचीने तिला परवडेल ती आणि आवडेल ती साडी घेतली, आणि तो तिचा हक्क होता. पण अंतरपाटाचा विषय निघाला तेव्हा कार्यालयातून मिळणारा साटीनचा, कुंकवाने स्वस्तिक छापलेला पट नको, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मग तेलिया रुमालांची जोडी आणली, न कापलेली, सलग. लाल, काळा, पांढरा, चौकटी चौकटींचा. घडी उघडली तेव्हा तेलाचा वास आला, आणि आजीने विचारलं, धुवायला टाकू का? नको म्हटलं. मंगलाष्टकं चालू असताना भाचीच्या नाकापासून वीतभर अंतरावर तो वास होता. नंतर ती सांगत होती, समोर कोण उभं आहे ते दिसत नव्हतं म्हणून मी चौकटींच्या कडा बघत होते, एकही सरळ नव्हती. आता तो अंतरपाट कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवला आहे. मार्गशीर्षात तिच्या चुलतभावाचं लग्न आहे, त्यासाठी तोच काढायचा. एका कोपऱ्याला हळद लागली आहे, ती काढायची नाही असं आजीनेच सांगितलं.